डबस्टेप स्क्रिलेक्सने नाही काढलं भो
जळगावात वरातीत डीजेने डबस्टेप (जड बेसचं इलेक्ट्रॉनिक संगीत) वाजवलं की कोणीतरी ठोकतोच, "हे अमेरिकेच्या डीजे स्क्रिलेक्सने २०१० ला काढलं." नाही भो! त्याने ते गाजवलं, एवढं खरं. मूळ साऊथ लंडनच्या क्रॉयडनचं, तिथं बिग ॲपल नावाच्या रेकॉर्डच्या दुकानात पडीक असणाऱ्या पोरांनी २००० च्या आसपास 'गॅरेज' नावाच्या डान्स म्युझिकमध्ये जमैकन डबचा (रेगेतून निघालेल्या संगीताचा) बेस घोटला, मग रिन्स एफएम या तेव्हाच्या बिनपरवाना रेडिओ स्टेशनने ते वाजवलं, आणि जानेवारी २००६ ला बीबीसी रेडिओ १ वर निवेदिका मेरी ॲन हॉब्सचा डबस्टेपवरचा शो झाला, तिथून लंडनबाहेरचे लोक पण येडे झाले. मी आधी मोबाईलवर ऐकून बोअर झालो होतो, त्यात खालचा बेस येतच नाही ना! भुसावळच्या मित्राकडे मोठ्या स्पीकरवर लावलं तर टेबलावरचा चहाचा ग्लास सरकायला लागला.