व्हीलचेअरला ५, आधाराला १०

कमरेखालची हालचाल गेलेला एक तरुण पलंगाच्या कडेला बसलाय. तो व्हीलचेअर तिरकी लावतो, ब्रेक ओढतो, हातांवर अंग उचलून सीटवर सरकतो. मग वॉर्डभर फिरून, कोपऱ्यावर वळून, जेवणाच्या टेबलापाशी नेमका थांबतो. कुणी हातही लावलेला नाही. शेजारच्या कॉटवरचे आजोबा नर्सच्या आधाराने ५० यार्ड, म्हणजे साधारण ४५ मीटर, चालून येतात. आता गुण द्या. रोजच्या कामांत माणूस किती स्वावलंबी आहे हे मोजणाऱ्या बार्थेल इंडेक्सप्रमाणे आजोबांना १०, तरुणाला ५.

हा इंडेक्स फ्लॉरेन्स माहोनी आणि डोरोथिया बार्थेल यांनी १९६५ मध्ये अमेरिकेत मांडला. रोजची दहा कामं, एकूण १०० गुण. उपकरण काही लागत नाही, त्यामुळे तो आजही वापरात आहे. पण या तरुणाची बेरीज करून बघा. जेवण, अंघोळ, कपडे, लघवी-शौच, सगळ्यात पैकीच्या पैकी दिले तरी चालण्याचे १५ पैकी ५ आणि जिन्याचे शून्य. म्हणजे ८०च्या वर तो जाऊच शकत नाही.

वृद्धांसाठीच्या एका प्रचलित चाचणीत उभं राहून तोल सांभाळणं, थोडं अंतर चालणं आणि खुर्चीतून पाच वेळा उठणं मोजतात. गुण १२ पैकी. उभंच राहता येत नसेल तर शून्य. महिनाभर व्यायाम करून दंडात ताकद आली तरी शून्यच. भाजीच्या तराजूवर वेलदोडे तोलावेत तसं हे.

मज्जारज्जूच्या इजेसाठी इस्रायलमध्ये १९९७ साली 'स्किम' नावाचं वेगळं माप आलं. त्यात श्वास आहे, बेडसोर टाळायला कूस बदलणं आहे, व्हीलचेअरमधून गाडीत बसणं आहे. तिसऱ्या आवृत्तीत जमिनीवरून खुर्चीत चढणंही आलं. तरी घरातल्या वावराला स्वतः व्हीलचेअर चालवणाऱ्याला ८ पैकी २, आणि कुणाच्या देखरेखीखाली चालणाऱ्याला ३! चालण्याचा मोह काही सुटत नाही. त्यापेक्षा सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीऐवजी सहा मिनिटं व्हीलचेअर ढकलून किती अंतर कापलं हे मोजणं मला सरळ वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आरोग्य आणि अपंगत्वाच्या २००१च्या वर्गीकरणात क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष वावर वेगळा नोंदवतात. प्रमाणित, सारख्या परिस्थितीत काय जमतं ते एक, स्वतःच्या घरात काय होतं ते दुसरं. दवाखान्यात एकट्याने अंघोळ करणारा आपला तरुण घरी मोरीच्या उंबऱ्याशी अडतो आणि भावाला हाक मारतो. त्या वेळी टेप लावायची ती उंबऱ्याला.