डोमेन नाम प्रणाली

डोमेन नाम प्रणाली : माणसाच्या लक्षात राहणाऱ्या नावावरून संगणकाचा आयपी पत्ता शोधून देणारी, जगभर विखुरलेली यंत्रणा. व्यवहारात तिला डीएनएस म्हणतात. इंटरनेटवर माहिती पोचते ती अंकी पत्त्यावर. हा पत्ता आयपीव्ही४ या जुन्या आवृत्तीत ३२ बिटांचा, तर आयपीव्ही६ या नव्या आवृत्तीत १२८ बिटांचा असतो.

इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटच्या काळात हे काम एका फाइलवर भागत असे. स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील माहिती केंद्रात एलिझाबेथ फाइनलर यांचा गट सगळ्या संगणकांची नावे व पत्ते ‘होस्ट्स.टीएक्सटी’मध्ये नोंदवी आणि बाकीचे संगणक ती फाइल उतरवून घेत. संगणक वाढले तशी फाइल फुगत गेली, ठिकठिकाणच्या प्रती शिळ्या पडू लागल्या. यावर पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये नवी रचना मांडली. तिची १९८७ मधील सुधारित मानके, आरएफसी १०३४ व १०३५, आजही पायाभूत आहेत. नावाला पत्ता जोडणे जुन्या फाइललाही जमत होते; मोकापेट्रिस यांनी त्या यादीची जबाबदारी वाटून दिली. संपूर्ण यादी आता कोणाकडेच नसते, आणि कोणाकडे असण्याची गरजही उरलेली नाही.

नाव उजवीकडून डावीकडे उलगडते. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.एक्झाम्पल.कॉम’ हे नाव ब्राउझरमध्ये टाकले की प्रश्न आधी रिझॉल्व्हरकडे, म्हणजे आपल्या वतीने उत्तर शोधणाऱ्या सर्व्हरकडे, जातो. हा सर्व्हर बहुधा इंटरनेट सेवा पुरवणारी कंपनी चालवते. त्याच्याकडे उत्तर नसेल तर तो रूट सर्व्हरला, म्हणजे नावांच्या उतरंडीतील सर्वांत वरच्या सर्व्हरला, विचारतो. रूटला पत्ता ठाऊक नसतो, पण ‘कॉम’ कोण सांभाळते ते ठाऊक असते. ‘कॉम’चा सर्व्हर ‘एक्झाम्पल.कॉम’च्या अधिकृत सर्व्हरकडे बोट दाखवतो आणि तिथे अखेर पत्ता मिळतो. आयपीव्ही४ पत्त्याच्या नोंदीला ‘ए’, आयपीव्ही६ च्या नोंदीला ‘एएएए’ म्हणतात. त्या डोमेनची ईमेल कोणत्या सर्व्हरने स्वीकारायची हे ‘एमएक्स’ नोंद सांगते.

रूट सर्व्हरांची नावे तेराच आहेत, कारण त्या सर्वांची माहिती ५१२ बाइटांच्या एकाच उत्तरात बसवायची होती. प्रत्यक्षात मात्र प्रत्येक नावामागे अनेक देशांत ठेवलेली यंत्रे असतात.

दर वेळी एवढी फेरी मारावी लागली असती तर ही यंत्रणा केव्हाच कोलमडली असती. म्हणून रिझॉल्व्हर मिळालेले उत्तर कॅशेमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, जपून ठेवतो. किती सेकंद ठेवायचे, ते नोंदीसोबत आलेला टीटीएल हा मुदतीचा आकडा सांगतो. पत्ता बदलल्यावर ‘बदल पसरायला वेळ लागतो’ असे सर्रास म्हटले जाते, पण ते दिशाभूल करणारे आहे. काहीही पसरत नसते. ठिकठिकाणच्या जुन्या प्रतींची मुदत संपत असते. टीटीएल ८६,४०० असेल तर जुना पत्ता चोवीस तास मिळत राहू शकतो. म्हणूनच जाणकार प्रशासक सर्व्हर हलवण्यापूर्वीच टीटीएल कमी करून ठेवतात, आणि तोही जुन्या टीटीएलइतका वेळ हाताशी ठेवून.

मूळ रचनेत उत्तराची सत्यता पडताळण्याची सोय नव्हती. प्रश्नाला दिलेला १६ बिटांचा क्रमांक जुळला की उत्तर खरे मानले जाई. खऱ्या उत्तराच्या आधी खोटे उत्तर घुसवून कॅशे दूषित करणे किती सोपे आहे, हे डॅन कामिन्स्की यांनी २००८ मध्ये दाखवून दिले. तातडीचा उपाय म्हणून प्रत्येक प्रश्न वेगवेगळ्या, अंदाज न येणाऱ्या पोर्टवरून (संगणकाच्या क्रमांकित जोडणी-बिंदूवरून) पाठवला जाऊ लागला. मुळावरचा उपाय म्हणजे डीएनएससेक : नोंदींवर डिजिटल स्वाक्षरी असते आणि रिझॉल्व्हर ती तपासतो. रूटच्या नोंदी जुलै २०१० मध्ये स्वाक्षरित झाल्या.

स्वाक्षरीने उत्तराची खात्री पटते, गुप्तता मिळत नाही. वाटेतल्या कोणालाही प्रश्न वाचता येतो. तो झाकण्यासाठी टीएलएस (२०१६) आणि एचटीटीपीएस (२०१८) या कूटबद्ध जोडण्यांवरून डीएनएस पाठवण्याची मानके आली. त्यांनी वाट झाकली जाते; रिझॉल्व्हर चालवणाऱ्याला मात्र विचारलेले प्रत्येक नाव दिसतेच.