फड्या निवडुंगापासून ब्रह्मकमळापर्यंत

निवडुंग म्हटलं की पुणेकराला आधी नाना पेठेतला निवडुंग्या विठोबा आठवतो, तुकोबांची पालखी मुक्कामाला येते ते देऊळ, मूर्ती निवडुंगाच्या बेटात सापडली म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. पण या एका शब्दात आपण दोन वेगळी घराणी कोंबतो. त्रिधारी निवडुंग इथलाच, मोडला की पांढरा चीक गळतो, तो खरं तर एरंडाच्या कुळातला. कॅक्टस मात्र मूळचे अमेरिकेतले, दीड हजारावर जाती आहेत. ओळखायची खूण सोपी, कॅक्टसचे काटे बारीक लवदार ठिपक्यातून झुबक्याने निघतात आणि फूलही तिथूनच येतं.

मग बांधावरचा फड्या निवडुंग, म्हणजे चपट्या फडांचा कॅक्टस, इथे कसा आला? तर लाल रंगापायी. मेक्सिकोत फड्यावरचे किडे वाळवून किरमिजी रंग करायचे, तो धंदा स्पेनच्या मुठीत होता आणि ईस्ट इंडिया कंपनीला तो इथे हवा होता, म्हणून 1795 मध्ये ब्राझीलहून कोलकात्याला किडे आणले, पण नेमकी जात चुकली, रंग हलका निघाला आणि किड्यांनी फड्याच फस्त केला. पुढे दक्षिणेत फड्याची दुसरी जात माजली तेव्हा 1926 मध्ये श्रीलंकेतून तसलाच किडा मुद्दाम आणून ती आवरली. किड्याकडून तण मारून घ्यायची जगातली ही अगदी सुरुवातीची उदाहरणं, शाळेत शिकवायलाच हवीत.

कॅक्टसची पानं काटे होऊन गेली, त्यामुळे अन्न हिरवं खोडच करतं, आणि त्याची छिद्रं रात्री उघडतात म्हणून दिवसाच्या उन्हात पाणी उडत नाही. वाढ हळू ती त्यामुळेच. पुण्याच्या पावसात ते तहानेने नाही, मुळं कुजून मरतात, तेव्हा कुंडीत निम्मी जाड वाळू आणि विटांचा चुरा घाला, वर आडोसा ठेवा.

आणि गॅलरीतलं आपलं ब्रह्मकमळ? तेही कॅक्टसच, मेक्सिकोकडचं, हिमालयातलं ब्रह्मकमळ निराळं. दिसतं ते पान नसून चपटं खोड आहे, कडेच्या खाचेत बघा, कळी तिथूनच फुटते. आधी खाली लोंबते, मग मान वर वळवते, त्यानंतर रोज रात्री नऊला आम्ही दिवा लावून बघायला जातो.