युगोस्लाव्हियावरील आर्थिक निर्बंध (१९९२–१९९६)

बोस्निया व हर्झेगोव्हिनातील युद्धात हस्तक्षेप केल्याबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ३० मे १९९२ रोजी युगोस्लाव्हिया संघीय प्रजासत्ताकावर, म्हणजे सर्बिया व माँटेनेग्रो यांच्या संघावर, घातलेली व्यापार, वित्त व वाहतूक यांवरील बंदी. २२ नोव्हेंबर १९९५ रोजी ती स्थगित झाली आणि १ ऑक्टोबर १९९६ रोजी अधिकृतपणे संपुष्टात आली. याच काळात देशात विसाव्या शतकातील सर्वांत तीव्र अतिचलनवाढींपैकी एक घडून आली. त्यामुळे निर्बंध आणि चलनाचा ऱ्हास यांच्यातील कार्यकारणसंबंध हा या विषयातील मध्यवर्ती वाद ठरला आहे.

पार्श्वभूमी : जुन्या समाजवादी युगोस्लाव्हियाचे विघटन १९९१ मध्ये सुरू झाल्यावर सुरक्षा परिषदेने २५ सप्टेंबर १९९१ च्या ठराव ७१३ अन्वये संपूर्ण देशाला शस्त्रपुरवठा करण्यास मनाई केली. नोव्हेंबर १९९१ मध्ये युरोपीय समुदायाने युगोस्लाव्हियाच्या व्यापारी सवलती काढून घेतल्या. डिसेंबरात त्या इतर प्रजासत्ताकांना परत मिळाल्या, सर्बिया व माँटेनेग्रो यांना मात्र मिळाल्या नाहीत. या दोन प्रजासत्ताकांनी २७ एप्रिल १९९२ रोजी नव्या संघराज्याची घोषणा केली. महिनाभरात, २७ मे रोजी, बोस्नियाची राजधानी सारायेव्हो येथे पावासाठी रांगेत उभ्या असलेल्या नागरिकांचा तोफगोळ्यांनी बळी घेतला आणि त्यानंतर तीन दिवसांनी ठराव ७५७ संमत झाला. ठरावाच्या बाजूने तेरा मते पडली. चीन व झिंबाब्वे तटस्थ राहिले. त्या वेळी परिषदेचा अस्थायी सदस्य असलेल्या भारताने बाजूने मत दिले. अलिप्त राष्ट्रांची पहिली शिखर परिषद १९६१ मध्ये बेलग्रेडमध्येच भरली होती, हे ध्यानात घेता भारताचा हा निर्णय सहज झालेला नसावा. सप्टेंबर १९९२ मध्ये नव्या संघराज्याने संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यत्वासाठी नव्याने अर्ज करावा, असे सांगणाऱ्या ठराव ७७७ वर भारत तटस्थ राहिला. संयुक्त राष्ट्रांच्या संरक्षण दलाचे पहिले सेनापतीही भारतीय होते. मराठा लाइट इन्फंट्रीतून लष्करी कारकीर्द सुरू केलेल्या लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार यांनी मार्च १९९२ ते मार्च १९९३ या काळात हे पद सांभाळले.

व्याप्ती : ठराव ७५७ ने आयात-निर्यात, वित्तीय व्यवहार, हवाई वाहतूक, वैज्ञानिक व सांस्कृतिक देवाणघेवाण आणि क्रीडास्पर्धांतील सहभाग यांवर बंदी घातली, औषधे व अन्नपदार्थ वगळले. युगोस्लाव्ह फुटबॉल संघाला युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेतून काढण्यात आले. त्याच्या जागी आलेल्या डेन्मार्कने ती स्पर्धा जिंकली. बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्ह खेळाडूंना केवळ वैयक्तिक प्रकारांत, स्वतंत्र सहभागी म्हणून प्रवेश मिळाला. पहिल्या ठरावात देशातून जाणाऱ्या मालाची वाहतूक मोकळी होती आणि कागदोपत्री तिसऱ्या देशाकडे निघालेला माल वाटेतच उतरवला जाई. ही पळवाट १६ नोव्हेंबर १९९२ च्या ठराव ७८७ ने अंशतः बुजवली. बोस्नियन सर्बांनी बोस्नियाची स्वायत्त प्रांतांत विभागणी सुचवणारी व्हान्स–ओवेन शांतता योजना स्वीकारण्यास नकार दिल्यावर एप्रिल १९९३ च्या ठराव ८२० ने परदेशांतील मालमत्ता गोठवली व डॅन्यूबवरील वाहतूकही कडक देखरेखीखाली आणली. एड्रियाटिक समुद्रात नाटो व पश्चिम युरोपीय संघ यांच्या नौका जहाजांची तपासणी करीत आणि शेजारच्या देशांच्या सीमांवर निर्बंधांच्या अंमलबजावणीसाठी नेमलेल्या साहाय्य पथकांचे जकात अधिकारी बसत.

अतिचलनवाढीच्या आरंभाचा वाद : दरमहा पन्नास टक्क्यांहून अधिक भाववाढ म्हणजे अतिचलनवाढ, हा अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ फिलिप केगन यांचा १९५६ मधील निकष बहुतेक अभ्यासक वापरतात. हा निकष लावूनही आरंभाचा महिना एकमताने ठरलेला नाही. एका गणनेनुसार तो फेब्रुवारी १९९२ आहे आणि त्या हिशेबाने अतिचलनवाढ चोवीस महिने टिकली. जगातील अतिचलनवाढींच्या एका बहुउद्धृत तुलनात्मक कोष्टकात मात्र एप्रिल १९९२ दिला आहे. फरक दोन महिन्यांचाच असला तरी दोन्ही तारखा ३० मे १९९२ च्या अगोदरच्या आहेत, ही बाब निर्णायक महत्त्वाची आहे.

बेलग्रेडमधील तत्कालीन सरकारने व त्याच्या पाठिराख्या वृत्तपत्रांनी चलनाच्या ऱ्हासाचे खापर सर्वस्वी निर्बंधांवर फोडले. या भूमिकेचा सौम्य अवतार काही अभ्यासकांतही आढळतो. ते निर्बंधांचा आरंभ युरोपीय समुदायाच्या नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयापासून मोजतात, त्यामुळे कालक्रम त्यांच्या बाजूने उलटतो. तथापि व्यापारी सवलती जाणे आणि व्यापारच बंद होणे या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत, आणि त्या हिवाळ्यात निर्यात घटली ती मुख्यत्वे क्रोएशियातील लढाई व प्रजासत्ताकांमधील तुटलेला व्यापार यांमुळे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. शिवाय सैल चलनछपाईची उदाहरणे त्याहूनही जुनी आहेत. सर्बियाच्या सरकारने संघीय मध्यवर्ती बँकेच्या परवानगीवाचून दिनार निर्माण करून घेतल्याचे जानेवारी १९९१ मध्ये उघडकीस आले. त्या रकमेचे अंदाज १.४ ते १.८ अब्ज डॉलरच्या दरम्यान आहेत.

दुसऱ्या व अधिक मान्य मतानुसार मूळ अर्थसंकल्पीय तुटीत होते. सर्बिया युद्धात नाही, अशी अधिकृत भूमिका असूनही बोस्निया व क्रोएशियातील सर्ब सैन्यांचा खर्च मोठ्या प्रमाणात बेलग्रेड उचलत असे. त्या सैन्यांतील अनेक अधिकाऱ्यांचे पगार युगोस्लाव्ह सैन्याच्या पटावरूनच निघत. त्यात निर्वासितांचा सांभाळ, धान्यखरेदी आणि बंद पडलेल्या कारखान्यांतील वेतन यांची भर पडली. निर्बंध असेतोवर कामगारांना कमी करण्यास कायद्याने मनाई होती, त्यामुळे लाखो कामगार ‘सक्तीच्या रजेवर’ घरी बसून नाममात्र वेतन घेत राहिले. उत्पन्नाची बाजू त्याच वेळी कोसळली. कर आकारणीचा दिवस आणि तो खजिन्यात जमा होण्याचा दिवस यांतील अंतरात रकमेचे मोल नाहीसे होई. या प्रक्रियेला अर्थशास्त्रात ऑलिव्हेरा–तान्झी परिणाम म्हणतात. तूट वाढली की छपाई वाढे, छपाईने भाव वाढत आणि वाढत्या भावांनी पुढील महिन्याच्या कराचे मोल आणखी घटे. नागरिकही हाच न्याय वीज व दूरध्वनीच्या बिलांना लावीत व ती जमेल तितकी उशिरा भरीत.

यावरून निर्बंधांचा वाटा शून्य होता असे मात्र म्हणता येत नाही. त्यांनी परकीय कर्जाची वाट बंद केली, कच्चा माल व इंधन तोडून उत्पादनाचा, म्हणजेच कराचा, पाया आकुंचित केला आणि तूट भरून काढण्याचा छपाईखेरीज दुसरा मार्ग फारसा शिल्लक ठेवला नाही. राष्ट्रीय उत्पन्न १९९२ मध्ये सुमारे चौथाईने व १९९३ मध्ये सुमारे तीस टक्क्यांनी घटले. आरंभ निर्बंधांनी केला नाही, पण १९९३ च्या उत्तरार्धातील वेग त्यांच्यावाचून समजावून सांगणे कठीण आहे.

परमोच्च बिंदू : जानेवारी १९९४ मधील मासिक भाववाढ सुमारे ३१ कोटी ३० लाख टक्के नोंदली गेली. दिवसाला साठ टक्क्यांहून अधिक, म्हणजे किंमती दीड दिवसाच्या आत दुप्पट होण्याचा हा वेग होता. हंगेरी (जुलै १९४६) व झिंबाब्वे (नोव्हेंबर २००८) यांच्याखालोखाल हा तिसरा क्रमांक मानला जातो. अर्थात या पातळीवर निर्देशांकाची अचूकता मर्यादितच असते, कारण सरकारने दर बांधून दिलेल्या वस्तू दुकानांत मिळत नव्हत्या आणि ज्या मिळत होत्या त्यांचा भाव जर्मन मार्कमध्ये ठरे.

दिनारच्या शून्यांची छाटणी वारंवार करावी लागली. १ जुलै १९९२ रोजी एक शून्य, १ ऑक्टोबर १९९३ रोजी सहा आणि १ जानेवारी १९९४ रोजी नऊ शून्ये काढण्यात आली. डिसेंबर १९९३ च्या अखेरीस बेलग्रेडच्या तोपचिदेर येथील टाकसाळीने चलनात आणलेली ५०० अब्ज दिनारची नोट, म्हणजे पन्नास हजार कोटी दिनार, ही या काळातील सर्वांत मोठी नोट होय. तिच्यावर एकोणिसाव्या शतकातील सर्ब कवी व वैद्य योव्हान योव्हानोविच झ्माय यांचे चित्र आहे. थोड्याच दिवसांत नऊ शून्ये गेली व ती ५०० नव्या दिनारांची ठरली. जानेवारी संपण्यापूर्वी त्या दिनारचेही मोल उरले नाही.

निर्बंधांतील व्यवहार : इंधन प्लास्टिकच्या कॅनमधून रस्त्याकडेला विकले जाई. ते रुमानिया, बल्गेरिया, मॅसिडोनिया व हंगेरीतून रस्त्याने, लोहमार्गाने आणि बोटींनी येई. रुमानियातील झिंबोलिया या सीमेवरील स्थानकातून इंधनाच्या रेल्वेगाड्या सोडल्या गेल्याचे प्रकरण पुढे त्या देशात गाजले. अल्बेनियातून स्कादर सरोवरामार्गे माँटेनेग्रोत तेल जाई आणि त्या काळात अल्बेनियाची तेल-आयात देशांतर्गत गरजेच्या कितीतरी पुढे गेली होती. राज्यसंस्थेचे स्वतःचे व्यवहार सायप्रसमधील बेनामी कंपन्यांमधून चालत. तिकडे रोकड नेण्याच्या कामात बेलग्रेडच्या बँकव्यवहारातील वरिष्ठ व्यक्ती गुंतल्या होत्या, असे हेगच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणापुढील आर्थिक तपासात नोंदले गेले.

सामान्य बचतदारांची परकीय चलनातील जुनी ठेव निर्बंधांपूर्वीच गोठलेली होती. उरलेले मार्क ‘युगोस्कांडिक’ आणि ‘दाफिमेंट’ या खासगी संस्थांनी परकीय चलनावर महिन्याला दहा टक्के व त्याहून अधिक व्याजाचे आमिष दाखवून ओढून घेतले. नव्या ठेवींतून जुन्यांचे व्याज देण्याचा हा प्रकार होता. ‘युगोस्कांडिक’चे मालक येझ्दिमिर वासिल्येविच यांनी १९९२ मध्ये बॉबी फिशर व बोरिस स्पास्की यांचा पन्नास लाख डॉलर बक्षिसाचा बुद्धिबळ सामना स्वेती स्तेफान व बेलग्रेड येथे भरवला. निर्बंध मोडू नयेत अशी ताकीद देणाऱ्या अमेरिकी सरकारच्या पत्रावर फिशर पत्रकार परिषदेत थुंकले व पुढे त्यांच्यावर अटक वॉरंट निघाले. वासिल्येविच मार्च १९९३ मध्ये देशाबाहेर गेले आणि त्याच वर्षी दोन्ही संस्था बुडाल्या. ज्यांची आयुष्यभराची पुंजी त्यांत गेली ते बहुतांशी निवृत्त व पगारदार लोक होते, आणि निर्बंधांच्या इतिहासात त्यांची नोंद फार त्रोटक सापडते.

राजकारण : निर्बंधांमुळे जनता राज्यकर्त्यांविरुद्ध जाईल, ही अपेक्षा या प्रकरणात पुरी झाली नाही. जुलै १९९२ मध्ये संघीय पंतप्रधान झालेले, अमेरिकेत उद्योगपती म्हणून यशस्वी झालेले मिलान पानिच यांनी निर्बंध उठवण्याचे आश्वासन देऊन २० डिसेंबर १९९२ च्या सर्बियन अध्यक्षीय निवडणुकीत सर्बियाचे विद्यमान अध्यक्ष स्लोबोदान मिलोशेविच यांना आव्हान दिले. त्यांना सुमारे एक तृतीयांश मते मिळाली, तर मिलोशेविच निम्म्याहून अधिक मते घेऊन विजयी झाले. दहा दिवसांच्या आत संसदेने पानिच यांच्यावर अविश्वास व्यक्त केला; जून १९९३ मध्ये संघीय अध्यक्ष दोब्रित्सा चोसिच यांनाही पदावरून दूर करण्यात आले. भाववाढ शिगेला पोहोचत असताना, १९ डिसेंबर १९९३ रोजी झालेल्या सर्बियन संसदेच्या निवडणुकीत मिलोशेविच यांच्या समाजवादी पक्षाच्या जागा २५० पैकी १०१ वरून १२३ वर गेल्या. यामागे दूरचित्रवाणीवरील पकड, विरोधकांतील फूट व दुर्मीळ वस्तूंच्या वाटपावरील सरकारी ताबा ही कारणे सांगितली जातात. यांपैकी तिसरे कारण तुलनेने दुर्लक्षित आहे. परवाने व परकीय चलन ज्यांच्या हाती होते, त्यांच्याशी निष्ठेने वागण्याला टंचाईमुळे किंमत आली.

परराष्ट्र धोरणावर मात्र निर्बंधांचा परिणाम स्पष्ट दिसतो. मे १९९३ मध्ये मिलोशेविच यांनी व्हान्स–ओवेन योजनेस पाठिंबा दिला. ४ ऑगस्ट १९९४ रोजी बोस्नियन सर्बांशी संबंध तोडून द्रीना नदीवरील सीमा बंद केली. त्याच्या मोबदल्यात ठराव ९४३ ने हवाई वाहतूक, क्रीडा व संस्कृती यांवरील बंदी स्थगित केली आणि ऑक्टोबरात बेलग्रेडला आंतरराष्ट्रीय विमाने पुन्हा उतरू लागली.

चलनस्थैर्य : जागतिक बँकेत काम केलेले वयोवृद्ध अर्थशास्त्रज्ञ द्रागोस्लाव अव्रामोविच यांच्या आराखड्यानुसार २४ जानेवारी १९९४ रोजी ‘नवा दिनार’ एक जर्मन मार्क याच दराने सुरू झाला. आदल्या दिनारच्या सुमारे १ कोटी ३० लाखांबरोबर तो एक होता. भाववाढ जवळजवळ लगेच थांबली. परकीय कर्ज मिळालेले नव्हते आणि निर्बंधही पूर्ण लागू होते. आरंभाच्या वादात हा पुरावा दोन महिन्यांच्या कालगणनेपेक्षा अधिक वजनाचा मानावा लागतो, कारण निर्बंध हेच मूळ कारण असते तर ते कायम असताना केवळ छपाई आवरल्याने चलन सावरले नसते. लोक अव्रामोविच यांना प्रेमाने ‘अवराम आजोबा’ म्हणत. मार्च १९९४ मध्ये ते मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर झाले. पुढे शिस्त सैल झाली; नोव्हेंबर १९९५ मध्ये दर मार्कला ३.३ दिनार करावा लागला आणि मे १९९६ मध्ये त्यांना पदावरून हटवण्यात आले.

समाप्ती : अमेरिकेतील डेटन येथे बोस्नियाविषयीच्या शांतता करारावर सहमती झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ठराव १०२२ ने निर्बंध स्थगित झाले. तथापि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, जागतिक बँक व संयुक्त राष्ट्रे यांचे दरवाजे बंदच राहिले. या अवस्थेला ‘बाह्य भिंत’ म्हटले जाई. मिलोशेविच यांच्या पतनानंतर १ नोव्हेंबर २००० रोजी युगोस्लाव्हियाला संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाला. गोठलेल्या जुन्या ठेवी सर्बियाने पुढे सरकारी कर्ज म्हणून मान्य करून रोख्यांद्वारे फेडल्या. बेलग्रेडच्या एका बँकेच्या बोस्नियातील तुझ्ला येथील शाखेत पैसे ठेवलेल्यांना मात्र त्यासाठी स्ट्रासबूर्गच्या मानवी हक्क न्यायालयात जावे लागले. १६ जुलै २०१४ रोजी त्या न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला.