फॉर्म बी आला कुठून? रहिवासी इमारतींच्या अग्निसुरक्षेची पार्श्वभूमी

जानेवारी आणि जुलै हे दोन महिने गृहनिर्माण सोसायटीच्या सेक्रेटरीला पाठ असायला हवेत. बहुतेकांना ते अग्निशमन दलाची नोटीस हातात पडल्यावरच कळतात. वर्षातून दोनदा, या दोन महिन्यांत, परवानाधारक एजन्सीकडून इमारतीतली आग विझवण्याची यंत्रणा तपासून घ्यायची, ती चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र मिळवायचे आणि दलाकडे सादर करायचे, असा महाराष्ट्रात कायदा आहे. या प्रमाणपत्राला सगळे फॉर्म बी म्हणतात. एखाद्या टॉवरला आग लागली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत त्याचा उल्लेख हमखास येतो: भरला होता की नव्हता. भरला असता तर माणसे वाचली असती का, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. त्याचे उत्तर शोधायला बरेच मागे जावे लागते.

मुंबईत आगीने वस्तीचा नकाशा बदलल्याचे मोठे उदाहरण १८०३ चे. त्या वर्षी १७ फेब्रुवारीला फोर्टमध्ये लागलेल्या आगीत तटबंदीच्या आतले बरेचसे गाव जळाले. घरे लाकडी आणि एकमेकांना चिकटलेली. आग पुढे सरकू नये म्हणून तोफा डागून घरे पाडावी लागली. त्यानंतर तटाबाहेर उत्तरेला वस्ती सरकवण्याला जोर आला. पण बाहेर वाढलेली ही वस्तीही पुढे तितकीच दाट झाली. खाली पेढी, वर बिऱ्हाडे, मधून लाकडी जिना अशा इमारती तिथे उभ्या राहिल्या आणि त्यातल्या कित्येक आजही उभ्या आहेत. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवासला आग लागली, इमारत कोसळली आणि तत्कालीन प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह दलाच्या चार अधिकाऱ्यांचा बळी गेला.

अग्निशमन दलाचा जन्म मधल्या काळातला. १८६५ मध्ये घोड्यांचे बंब पोलिसांच्या हाताखाली होते. स्वतंत्र दल १८८७ साली उभे राहिले आणि पुढे ते महापालिकेचे झाले. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला, त्यात दलाचे ६६ जण मरण पावले. देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्याच स्मरणार्थ. तोपर्यंतचा सगळा विचार विझवण्याचा होता. बंब किती, जवान किती, पाणी कुठून आणायचे. घर बांधतानाच आगीचा विचार करायचा, ही कल्पना आपल्याकडे उशिरा आली.

ती आली उंच इमारतींबरोबर. लिफ्टने वर जाणारा माणूस आग लागल्यावर खाली कसा उतरणार, याचे उत्तर बंबापाशी नव्हते. १९७० मध्ये राष्ट्रीय इमारत संहिता निघाली. तिचा चौथा भाग आगीविषयी आहे. जिना किती रुंद असावा, वायरिंगचे डक्ट प्रत्येक मजल्यावर कसे बंद करावेत, पाण्याची टाकी केवढी असावी, हे सगळे त्यात आहे. १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये ती सुधारली गेली. पण संहिता म्हणजे शिफारस. स्थानिक नियमांत उतरली तरच ती बंधनकारक होते. आणि उतरताना तिचे आकडे बदलतात. संहितेच्या दृष्टीने १५ मीटरची इमारत उंच ठरते. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने ही रेषा २४ मीटरवर नेली, तर २०१८ मध्ये लागू झालेल्या नियमावलीने ३२ मीटरवर. आगीच्या वर्तनात या काळात काही फरक पडला नव्हता. रेषेच्या खाली राहिलेल्या इमारतींवरची बंधने तेवढी हलकी झाली.

यात आणखी एक भोक होते. बिल्डर प्रमुख अग्निशमन अधिकाऱ्याची एनओसी घेई, पंप बसवी, रायझर म्हणजे आगीसाठीच्या पाण्याचे पाइप उभे करी, ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र मिळवी आणि निघून जाई. त्या दिवसानंतर तो पंप चालतो की गंजतो हे नियमितपणे पाहायला कोणीच नव्हते.

हे भोक बुजवायला महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ आला. तो अमलात आला ६ डिसेंबर २००८ ला. २६ नोव्हेंबरचा हल्ला होऊन तेव्हा जेमतेम दहा दिवस झाले होते. दोन्हींचा संबंध नव्हता, तारखा तशा जुळल्या. या कायद्यातली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे जबाबदारीचे स्थलांतर. यंत्रणा कायम चालू ठेवणे हे मालकाचे किंवा भोगवटादाराचे काम, असे तिसरे कलम सांगते. सहकारी सोसायटीत हा भोगवटादार म्हणजे तुम्ही-आम्ही, आणि व्यवहारात बिनपगारी सेक्रेटरी. दुसरी गोष्ट परवानाधारक एजन्सीची. यंत्रणा बसवणे आणि तपासणे या दोन्हींसाठी सरकारने परवाने दिले. बसवल्यावर फॉर्म ए, नंतर दर सहा महिन्यांनी फॉर्म बी. थोडक्यात, तपासणी सरकारी माणसाच्या हातून निघून बाजारात गेली, आणि तपासणाऱ्याचे पैसे तोच देऊ लागला ज्याची तपासणी व्हायची.

कागदावर हे सुटसुटीत आहे. प्रत्यक्षात होज रीलचे, म्हणजे आग विझवायच्या गुंडाळलेल्या नळीचे, पितळी नोझल चोरीला गेलेले असते. पंप ‘ऑटो’वर ठेवला की मध्येच सुरू होतो म्हणून वॉचमनने तो बंद करून ठेवलेला असतो. रेफ्युज एरियात, म्हणजे आगीच्या वेळी आसऱ्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या जागेत, कोणाचा तरी जुना सोफा, जिन्यात चपलांचे रॅक आणि लहान मुलांच्या सायकली. वार्षिक सभेत या खर्चाचा ठराव आला की लिफ्टच्या रंगाएवढीही चर्चा होत नाही, कारण आग दुसऱ्यांच्या घरी लागते अशी आपली पक्की समजूत असते. पुष्कळ सोसायट्या एजन्सी निवडतात त्या सर्वांत कमी कोटेशनवर. त्यात नवल नाही. मेंटेनन्स वाढला तर शिव्या कमिटीला खाव्या लागतात.

कायद्यानंतरच्या आगी पाहिल्या की जबाबदारीचे हे स्थलांतर कितपत झाले ते दिसते. २२ ऑगस्ट २०१८ ला परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये ४ मृत्यू झाले. इमारतीला ओसी नव्हती तरी लोक राहत होते आणि आग विझवण्याची यंत्रणा बंद होती. २२ ऑक्टोबर २०२१ ला करी रोडच्या अविघ्न पार्कच्या १९व्या मजल्यावर आग लागली. दलाची सर्वांत उंच शिडी ९० मीटरची, म्हणजे साधारण तीस मजल्यांपर्यंत पोहोचणारी. तिच्या दुप्पट उंचीच्या टॉवरमध्ये वरच्या माणसाचा सगळा भरवसा इमारतीतल्या यंत्रणेवरच असतो. २२ जानेवारी २०२२ ला ताडदेवच्या सचिनम हाइट्समध्ये पहिल्याच दिवशी ६ जण गेले.

या सगळ्यांत मला महत्त्वाची वाटते ती गोरेगावची आग. ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे जय भवानी या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतल्या इमारतीत किमान ७ जण मेले. आग तळाशी, उभ्या केलेल्या गाड्या आणि कपड्यांच्या गठ्ठ्यांपाशी भडकली आणि धूर जिन्यातून वर चढला. म्हणजे सुटकेची एकमेव वाट हीच धुराची चिमणी झाली. ही काही आलिशान टॉवरची गोष्ट नव्हती. उंचीच्या त्या रेषेची चर्चा ज्यांच्यासाठी कधी झालीच नाही अशा हजारो कुटुंबांच्या इमारती अशाच आहेत: एक जिना, तळाशी दुचाक्या, शेजारी मीटर रूम, आणि मेंटेनन्सची थकबाकी. अशा जुन्या पुनर्वसन इमारतींना बाहेरून लोखंडी जिना लावण्याचा विषय या आगीनंतर पुढे आला.

इथे फॉर्म बीची मर्यादा उघडी पडते. पंप चालतो का, नळीला पाणी येते का, आग विझवायचा सिलिंडर भरलेला आहे का, एवढे तो सांगतो. तळाशी गाड्या कुठे उभ्या आहेत, सातव्या मजल्यावरच्या अंथरुणाला खिळलेल्या आजी कशा उतरणार, गच्चीच्या दाराची किल्ली कोणाकडे, हे त्यात येत नाही. ते काम जोखीम मूल्यांकनाचे. इंग्लंडने नेमकी हीच दिशा धरली. तिथे १९७१ च्या कायद्याने हॉटेले, कारखाने, कचेऱ्या यांना अग्निप्रमाणपत्र मिळे. २००५ च्या आदेशाने ती पद्धत मोडीत काढून जबाबदार व्यक्तीने स्वतः धोक्याचे मूल्यांकन करावे असे ठरवले, आणि फ्लॅटच्या इमारतींचे सामाईक भागही त्याखाली आणले. तो आदेश अमलात आला ऑक्टोबर २००६ मध्ये. म्हणजे ज्या वर्षाचे नाव आपल्या प्रमाणपत्राच्या कायद्याला आहे, त्याच वर्षी तिकडे प्रमाणपत्र संपले. त्याने सगळे सुधारले असे अजिबात नाही. १४ जून २०१७ ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात लागलेली आग बाहेरच्या ज्वलनशील आवरणावरून वर चढली आणि ७२ माणसे मेली. घरातच थांबा, असा सल्ला रहिवाशांना दिला गेला होता. मूल्यांकनात बाहेरची भिंत आणि फ्लॅटचा दरवाजा धरायचा की नाही, हे २०२१ च्या कायद्याने स्पष्ट करावे लागले.

आपल्याकडे दुरुस्तीची गती याहून मंद. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये राज्य सरकारने इमारती व माणसांच्या सुरक्षेसाठी विशेष नियमांचा मसुदा काढला. तो वर्षानुवर्षे अंतिम झाला नाही. त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि २०२२ मध्ये, मसुद्याला तेरा वर्षे उलटल्यावर, न्यायालयाने सरकारला धारेवर धरले.

राहता राहिली अंमलबजावणी. यंत्रणा बंद आढळली की दल सहाव्या कलमाखाली नोटीस देते आणि दुरुस्तीसाठी साधारण १२० दिवस मिळतात. त्यानंतरही काही हलले नाही तर आठव्या कलमाखाली वीज आणि पाणी तोडता येते. आग विझवायला पाणी नाही म्हणून इमारतीचे पाणी तोडायचे, ही शिक्षा ज्याने सुचवली त्याला विनोदबुद्धी असावी. राहत्या इमारतीचे पाणी तोडायला कोणता अधिकारी धजेल? नगरसेवकाचा फोन येतो, सोसायटी काम सुरू केल्याचे पत्र देते, एजन्सीचे कोटेशन त्याला जोडते आणि मुदत वाढते. जुलैमध्ये पुन्हा फॉर्म बी भरायचा असतोच.