गाडी ठोकून पळाली, नंबर मिळाला नाही: दोन लाखांचा अर्ज नेमका कुठे अडतो

अनोळखी गाडीने धडक दिली, गाडी पळाली आणि तिचा पत्ता लागला नाही, तर माणूस दगावल्यास वारसांना 2 लाख रुपये आणि जबर दुखापत झाल्यास जखमीला 50 हजार रुपये मिळतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 161 खालची ही केंद्र सरकारची योजना 1 एप्रिल 2022 पासून लागू आहे. त्याआधी हीच रक्कम 25 हजार आणि साडेबारा हजार होती. वकील लावावा लागत नाही, कोर्टात जावं लागत नाही, चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही.

तरीही पैसे घेणारं कोणी नाही. 2022 साली देशात ठोकून पळून जाण्याचे 67,387 अपघात नोंदले गेले. 2022-23 या आर्थिक वर्षात या योजनेत अर्ज आले 205. जानेवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तफावतीवर बोट ठेवलं आणि पोलिसांना व महसूल खात्याला स्पष्ट आदेश दिले. ते आदेश अजून कित्येक टेबलांपर्यंत पोचलेले नाहीत. म्हणून ते आपल्याला माहीत असायला हवेत.

पहिला घोळ शब्दाचा आहे. ड्रायव्हर पळाला की आपण त्याला 'हिट अँड रन' म्हणतो. कायद्यात तसं नाही. ड्रायव्हर पळाला पण गाडी सापडली, किंवा कोणीतरी नंबर टिपला आणि त्यावरून मालक मिळाला, तर ही योजना तुमच्यासाठी नाही. प्रयत्न करूनही गाडीची ओळख पटली नाही, तरच ती लागू होते. गाडी सापडली असेल तर दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा. तिथे चूक सिद्ध न करताही कलम 164 खाली मृत्यूसाठी 5 लाख आणि जबर दुखापतीसाठी अडीच लाख मिळतात. कलम 166 खाली चूक सिद्ध केली तर कमावत्या माणसाचं उत्पन्न, वय आणि अवलंबून असलेली माणसं बघून त्याहून पुष्कळ जास्त मिळू शकतात. पण 166 च्या दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर राहू नका. तहसीलला हेलपाटे घालण्यात पाच महिने गेले आणि मग कळलं की गाडीचा नंबर दोषारोपपत्रात आधीच आला होता, अशी कुटुंबं मी पाहिली आहेत. दर महिन्याला पोलीस ठाण्यात जाऊन गाडीचा तपास लागला का, एवढं विचारत राहा.

दुसरी अडचण पहिल्या तासातच तयार होते आणि तेव्हा कोणाचं लक्ष नसतं. अपघात विभागात केसपेपर काढताना डॉक्टर विचारतात, काय झालं? घाबरलेला भाऊ किंवा मेहुणा सांगतो, गाडीवरून पडले. तेच शब्द कागदावर उतरतात. एका बाईंनी प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढून टेबलावर पसरले होते. एफआयआरमध्ये 'अज्ञात वाहनाने मागून धडक दिली' असं होतं, आणि त्याच रात्रीच्या केसपेपरवर 'दुचाकी घसरून पडल्याने'. दोन्ही कागद त्यांच्याच नवऱ्याचे. सांगणाऱ्या दिराने अपघात पाहिलाच नव्हता. त्या एका ओळीचा खुलासा करण्यात त्यांचे चार महिने गेले. तेव्हा जखमीसोबत जाल तर एवढं पाठ ठेवा: जे माहीत नाही ते सांगायचं नाही. 'अज्ञात वाहनाची धडक, मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही' एवढं पुरे.

एफआयआरचंही तसंच. मृत्यू झाला की पुष्कळदा आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते, लोक तिला 'एडी' म्हणतात. एडी म्हणजे गुन्हा नव्हे, आणि या अर्जात अपघात कशाने झाला हे दाखवायला एफआयआरच लागतो. अपघात एका तालुक्यात आणि मृत्यू शहरातल्या रुग्णालयात झाला, तर एडी शहरातल्या ठाण्यात होते, शवविच्छेदन अहवाल तिथे जातो आणि गुन्हा दुसरीकडे. हे कागद आपोआप एकत्र येतील या आशेवर बसू नका. दोन्ही ठाण्यांचे नोंद क्रमांक लिहून घ्या. एफआयआर नोंदवायला नकार मिळाला तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना लेखी, पोस्टाने पाठवता येते. पोस्टाची पावती जपून ठेवा.

'तपास संपू द्या, अ समरी होऊ द्या, मग या,' हे उत्तर सगळ्यात जास्त ऐकू येतं. अ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही. तिला वर्ष लागतं, कधी दोन. न्यायालयाचा आदेश मात्र असा आहे: पोलीस ठाण्यात अपघाताची नोंद झाल्यापासून एक महिन्यात गाडीचा तपशील मिळाला नाही, तर ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने जखमीला किंवा वारसांना लेखी कळवायचं की तुम्ही या योजनेत भरपाई मागू शकता, आणि अर्ज कोणाकडे करायचा त्या अधिकाऱ्याचा पत्ता व ईमेलही द्यायचा. शिवाय प्राथमिक अपघात अहवाल अपघातापासून एक महिन्यात त्या अधिकाऱ्याकडे पाठवायचा. कुटुंबाने अ समरीची वाट बघायची, असं त्यात कुठेही नाही. हे पत्र आपणहून मिळालं नाही तर साध्या कागदावर अर्ज देऊन मागा.

जखमींच्या अर्जात घोडं पेंड खातं ते 'जबर' या शब्दावर. साध्या दुखापतीला इथे काही मिळत नाही. हाड किंवा दात मोडणं, सांधा निखळणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, एखादा अवयव कायमचा निकामी होणं, किंवा पंधरा दिवस असह्य वेदना किंवा रोजची कामं न जमणं, या सगळ्याला कायद्यात जबर दुखापत म्हणतात. जुन्या दंड संहितेत हे दिवस वीस होते, भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 मध्ये ते पंधरा झाले. काही ठिकाणी अजून वीसच मोजतात. आणि पहिल्या रात्रीचं जखमी प्रमाणपत्र एक्स-रे व्हायच्या आधी लिहिलेलं असलं तर त्यावर 'साधी' असतं. फ्रॅक्चर दुसऱ्या दिवशी कळतं, प्रमाणपत्र तेच राहतं. एक्स-रेचा अहवाल आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन डॉक्टरांकडून सुधारित प्रमाणपत्र घ्या. अर्ज करण्याआधी घ्या, नंतर ते मिळवणं फार जड जातं.

अर्ज जिथे अपघात झाला त्या तालुक्याच्या तहसीलदारांकडे किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा. या कामापुरतं त्यांना दावा चौकशी अधिकारी म्हणतात. समजा राहता पारनेर तालुक्यात आणि अपघात झाला शिरूर तालुक्यात, तर अर्ज शिरूरला. आपल्या गावच्या तहसीलमध्ये दिलेला अर्ज 'आमच्या हद्दीत नाही' म्हणून परत येतो, तोही दोन-दोन महिन्यांनी. पहिल्या क्रमांकाचा नमुना भरायचा, सोबत हमीपत्र. जोडायचं ते नेहमीचंच: एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि मृत्यूचा दाखला, किंवा जखमी प्रमाणपत्र, उपचाराची बिलं, आधार, पासबुकाचं पहिलं पान.

हमीपत्राला घाबरू नका. पुढे गाडी सापडली आणि कायद्याने दुसरी भरपाई मिळाली, तर ही रक्कम परत करावी लागेल, एवढंच त्याचं म्हणणं. गाडी सापडणारच नाही असं तुम्ही लिहून देत नसता.

नावांची गफलत मात्र जीव काढते. एफआयआरमध्ये 'बाळू', आधारवर 'बाळासाहेब', मृत्यूच्या दाखल्यावर तिसरंच. बायकोचं बँक खातं माहेरच्या नावाचं. तिन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. वारस म्हणून आई-वडिलांचीही नावं लिहा. एका सुनेने फक्त स्वतःचं आणि मुलांचं नाव लिहिलं, सासूने हरकत घेतली आणि दोघींचेही पैसे अडकले.

अर्ज दिल्यावर चौकशी अधिकाऱ्याने एक महिन्यात अहवाल जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायचा असतो. जिल्हाधिकाऱ्यांनी पंधरा दिवसांत आदेश काढायचा, आणि त्यानंतर जनरल इन्शुरन्स कौन्सिलने, म्हणजे विमा कंपन्यांच्या संस्थेने, पंधरा दिवसांत पैसे खात्यात भरायचे. म्हणून टपाल शाखेत अर्ज देताना आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच हातात घेतल्याशिवाय दाराबाहेर पडू नका. पोच नसेल तर हे दिवस मोजायचे कुठून?

याच अपघातात आणखी दोन ठिकाणी हक्काचे पैसे असतात आणि दुःखात ते राहून जातात. गेलेला माणूस स्वतःच्या नावावरची दुचाकी किंवा कार चालवत होता, परवाना चालू होता आणि पॉलिसीत मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा होता, तर त्याचे 15 लाख वारसाला मिळतात. समोरची गाडी सापडो न सापडो. पॉलिसीचा कागद एकदा उघडून बघा. घर शेतकऱ्याचं असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत 2 लाख आहेत. तिचा प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तीस दिवसांत द्यायचा असतो. दहावं-तेरावं उरकेपर्यंत त्यातले निम्मे दिवस गेलेले असतात. घरातल्या एखाद्या पुतण्याला किंवा भाच्याला पहिल्याच आठवड्यात या कामाला लावा.

तहसीलमध्ये कोणी ऐकूनच घेत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच त्यांचं कार्यालय असतं. या योजनेवर देखरेख ठेवणाऱ्या जिल्हा समितीत त्यांचे सचिव असतात, तेव्हा 'आमचा काही संबंध नाही' असं त्यांना म्हणता येत नाही. जाताना पोचेची झेरॉक्स आणि एफआयआरचा क्रमांक बरोबर न्या.