एका राज्यात दोन वॉशिंग्टन? दोन कसली, डझनावारी!

अमेरिकेत एका राज्यात एका नावाचं एकच गाव असतं, असं छातीठोकपणे सांगणारे खूप भेटतात. हे खरं आहे ते पोस्टापुरतं. एका राज्यात एका नावाचं एकच पोस्ट ऑफिस, हा तिथला जुना दंडक.

टाउनशिपचं तसं नाही. (आपल्या बिल्डरांची टाउनशिप नव्हे; हा बऱ्याच ठिकाणी सहा मैल लांब, सहा मैल रुंद ग्रामीण तुकडा.) तिचं नाव तिच्या काउंटीत (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागात) वेगळं असलं की भागतं. म्हणूनच ९२ काउंट्यांच्या इंडियानात वॉशिंग्टन टाउनशिप डझनावारी आहेत. पत्त्यात नाव येतं ते सहसा जवळच्या पोस्टाचं.

तरी घोळ होतोच. न्यू जर्सीत मर्सर काउंटीतल्या वॉशिंग्टनने २००८ मध्ये रॉबिन्सव्हिल हे नाव घेतलं. बाकीचे वॉशिंग्टन तिथेच आहेत.